बालेकिल्ला म्हणे!

सकाळी आमच्या भावकीच्या ग्रुपवर कोणीतरी एक रील टाकली. ड्रोनमधून दिसणारा समुद्र, माड, ढोलताशे आणि खाली ठळक अक्षरांत, 'कोकण, पहिल्यापासून आमचाच बालेकिल्ला'. पक्ष कोणता ते मुद्दाम लिहीत नाही. अशी रील आता प्रत्येकाचीच निघते. त्याखाली पुण्यातल्या एका पाहुण्याने लिहिलंय, 'कोकणी माणूस भावनेवर आणि पाकिटावर मत देतो.' वर हसण्याच्या इमोज्या. डोकं सटकलं.

पहिल्यापासून म्हणजे कधीपासून हो?

आमचा मतदारसंघ राजापूर. आता त्या नावाने तो उरलाच नाही, ते पुढे सांगतो. 1957, 1962, 1967 अशी लागोपाठ तीनदा या मतदारसंघाने बॅरिस्टर नाथ पैंना लोकसभेत पाठवलं. प्रजा समाजवादी पक्ष. ना साखर कारखाना, ना जिल्हा बँक, ना गाड्यांचा ताफा. वेंगुर्ल्यात जन्मलेला, इंग्लंडात बॅरिस्टर झालेला माणूस चिखल तुडवत सभेला यायचा आणि संसदेला घटनादुरुस्तीचा अधिकार असावा की नसावा हे लोकांना समजावून सांगायचा. 'मूलभूत हक्कांना संसदेने हात लावायचा नाही' असं सांगणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या गोलकनाथ निकालानंतर त्यांनी आणलेलं खासगी विधेयक राज्यशास्त्राची मुलं अजून अभ्यासतात. आणि त्यांना निवडून देणारे कोण? दर महिन्याला मुंबईच्या मनीऑर्डरची वाट बघणारी घरं. यांना पाकीट कोण देणार होतं?

18 जानेवारी 1971 ला बेळगावात नाथ पै गेले. वय पन्नाशीच्या आत. त्याच वर्षी निवडणूक, देशभर इंदिरा गांधींची लाट, आणि राजापूरने निवडलं कोणाला? मधू दंडवत्यांना. मूळचे नगरचे, मुंबईत सिद्धार्थ कॉलेजात फिजिक्स शिकवणारे. जातीचं गणित मांडलंत तर इथे त्यांच्या नावावर मूठभर मतं. तरी 1971, 77, 80, 84, 89, पाच वेळा! 1984 ला महाराष्ट्रात 48 पैकी 43 जागा काँग्रेसने नेल्या तेव्हासुद्धा हा गडी उभा होता. ती लाट राजापूरच्या खाडीत शिरलीच नाही.

आमचा आजो, म्हणजे आजोबा, दंडवत्यांचा पक्का. शिक्षण चौथी, पण अर्थसंकल्पावरचं त्यांचं भाषण पेपरातून मोठ्याने वाचून घ्यायचा. कळायचं किती, देव जाणे. कोणी विचारलं तर म्हणायचा, "हो मत मागूक येना नाय, शिकवूक येता."

आणि 1991 ला आमच्या घरात महाभारत झालं. राजीव गांधींच्या हत्येनंतरचं मतदान, पाऊस लागलेला. बाबा मुंबईहून आलेले. गिरणी संपात बंद पडलेली, नंतर हाती धड काम नाही, नाव मात्र गावच्याच यादीत. जेवताना म्हणाले, "ह्या टायमाक दंडवते नाय." आजोने हातातला घास ताटात ठेवला. बाबा म्हणाले, "रेल्वे कागदावर धावता. माका कामाक लावतली काय ती?" त्यांनी कोणाला शिक्का मारला ते आजवर सांगितलेलं नाही. दंडवते हरले, काँग्रेसचे सुधीर सावंत निवडून आले, आणि आजो गणपतीपर्यंत बाबांशी एक शब्द बोलला नाही. आरतीत शेजारी उभे, पण प्रसाद मात्र माझ्या हातून द्यायचा.

मान्य, बाबांचाही मुद्दा होता. भाषणांनी चूल पेटत नाही. समाजवादी खासदारांच्या काळात आमच्याकडे कारखाने आले नाहीत आणि पोरं मुंबईलाच पळत राहिली. बास, एवढंच मान्य.

कारण ती कागदावरची रेल्वे, आपली कोकण रेल्वे, आली ना! 1977 ला हेच दंडवते रेल्वेमंत्री झाले. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर दोन इंच फोम आला तो त्यांच्यामुळे. आज स्लीपरमध्ये पाठ टेकता, तेव्हा आठवण काढता का? मुंबईकडून कोकणात उतरणाऱ्या वाटेवरच्या आपटा-रोहा मार्गाला मंजुरी 1978 मधली. 1990 ला कोकण रेल्वे कॉर्पोरेशन स्थापन झालं तेव्हा रेल्वेमंत्री जॉर्ज फर्नांडिस आणि तिजोरीची चावी अर्थमंत्री दंडवत्यांकडे. म्हणजे रेल्वेचा पाया घातला आणि पुढच्याच वर्षी घरच्यांनी पाडलं. हे लिहिताना अजूनही पोटात कालवतं, काय करू.

1998 ला गाडी पूर्ण मार्गावर सुरू झाली. बाबा पहिल्यांदा रेल्वेने आले तेव्हा आजो काठी टेकत कुडाळ स्टेशनवर हजर. बाबा पिशवी घेऊन उतरले तर पहिलं वाक्य काय, "टीसीन तिकीटच इचारल्यान मां? 91 साली कोणाक मत दिलंस ता नाय इचारल्यान?" अख्खा फलाट हसला. बाबासुद्धा हसले. मग दोघं एकाच रिक्षाने घरी आले.

नंतरचा इतिहास भराभर सांगतो, कारण रीलवाल्यांना तेवढाच ठाऊक असतो. 1996 पासून 2004 पर्यंत चार वेळा शिवसेनेचे सुरेश प्रभू. 2008 च्या पुनर्रचनेत राजापूर लोकसभा पुसून रत्नागिरी-सिंधुदुर्ग झाला. गुहागर, दापोली रायगडात गेले. 2009 ला प्रभूंना हरवून काँग्रेसचे निलेश राणे आले. 2014 ला शिवसेनेच्या विनायक राऊतांनी त्यांना दीड लाखाच्या फरकाने घरी बसवलं, 2019 ला पुन्हा हरवलं. 2024 ला त्याच राऊतांना नारायण राणेंनी 47,858 मतांनी पाडलं, कमळावर. समाजवादी, जनता, काँग्रेस, सेना, परत काँग्रेस, परत सेना, भाजप. याला बालेकिल्ला म्हणतात? इथे प्रत्येकाला आम्ही डोक्यावर घेतलंय आणि वेळ आली की खाली उतरवलंय. नाथ पैंना तेवढं उतरवलं नाही, तेच आधी गेले.

आणि हो, पाकिटं येतात. आमच्या वाडीतही येतात, मी आंधळा नाही. मतदानाला मुंबईहून फुकट बस भरून येतात, वाटेत वडापाव मिळतो. घेणारे घेतात. पण बसमधून उतरून आत पडद्याआड कोण काय करतो ते बस पाठवणाऱ्याला कळलं असतं तर वरची यादी अशी झाली असती का? पुण्याच्या पाहुण्यांनी याचं उत्तर द्यावं. इमोजी चालणार नाही.

आजो गेला त्याला बरीच वर्षं झाली. बाबा ऐंशीच्या घरात. 2024 ला रणरणत्या उन्हात केंद्रापर्यंत चालत गेले, गाडी नको म्हणाले. येताना मी विचारलं, "कोणाक दिलात?" माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू टीसी काय रे?"

कोणाकडे राजापूर मतदारसंघाची जुनी पत्रकं, सभेचे फोटो असतील तर खाली टाका. आमच्याकडचं सगळं 91 च्या पावसात आजोने पडवीतून उचलून कुठे ठेवलं, अजून सापडलेलं नाही.