लाटुरेट यांच्या दप्तरावरच्या आक्षेपाला उत्तर

नमस्कार,

अमेरिकेतल्या येल विद्यापीठात ख्रिस्ती मिशनांचा आणि पौर्वात्य इतिहास शिकवणारे प्राध्यापक केनेथ स्कॉट लाटुरेट यांच्या कागदपत्रांवरचा माझा लेख तुम्हाला खटकला. ‘मिशनऱ्यांनी स्वतःच्या कौतुकासाठी जपलेले कागद, त्यात इतिहास कसला? आणि मराठी माणसाचा संबंध काय?’ असं तुम्ही विचारलंत.

संबंधाचं आधी सांगतो. १८८६ साली मॅसॅच्युसेट्समधल्या माउंट हर्मनच्या शिबिरात शंभर विद्यार्थी परदेशी मिशनरी व्हायला तयार झाले. त्यामागे धडपडणारा तरुण रॉबर्ट वाइल्डर, जन्म कोल्हापूरचा! त्याच्या वडिलांनी कोल्हापुरात सुरू केलेलं मिशन पुढे अमेरिकन प्रेस्बिटेरियन या प्रॉटेस्टंट पंथाकडे गेलं आणि त्यातूनच मिरजेचं वॉन्लेस हॉस्पिटल उभं राहिलं. शिबिरातून निघालेल्या विद्यार्थी चळवळीतूनच लाटुरेट १९१० मध्ये चीनला, चांगशाला गेले. आजारपणामुळे परतले आणि उरलेलं आयुष्य मिशनांचा इतिहास लिहिण्यात घालवलं.

कागद एकतर्फी आहेत, हे अगदी मान्य. पण पेशवे दप्तरही राज्यकर्त्यांचंच, म्हणून आपण ते बाजूला टाकलं का? या चळवळीत विद्यार्थ्यांकडून एका वाक्याखाली सही घेत: ‘देवाची इच्छा असेल तर परदेशी मिशनरी होण्याचा माझा संकल्प आहे.’ विशीतल्या पोरांच्या सह्या. जिथे जायचं तिथल्या माणसांना आपण हवे आहोत का, हा प्रश्न त्या वाक्यात कुठेच नाही. तुमच्या आक्षेपाला याहून भक्कम पुरावा मिशनच्या शत्रूनेही दिला नसता.

शिवाय ही पोरं कायम माना डोलावत बसली नाहीत. महायुद्ध संपल्यावर, १९१९च्या अखेरीस अमेरिकेतल्या डे मॉइन शहरात चळवळीचं मोठं अधिवेशन भरलं. वंशभेद, कामगार, युद्ध यांवर बोला, नुसती प्रवचनं नकोत, असं विद्यार्थ्यांनी व्यासपीठावरच्या ज्येष्ठांना सुनावलं. पुढच्या काही वर्षांत चळवळीचा जोर ओसरला. ही घुसळण मला फार मोलाची वाटते. ‘सगळे प्रचारक’ म्हणून गठ्ठा बांधला की ती दिसेनाशी होते.

लाटुरेट, वाइल्डर आणि चळवळ, तिघांचेही कागद येलच्या डिव्हिनिटी (धर्मशास्त्र) ग्रंथालयात आहेत. त्यांच्यासमोर ठेवायची बाजू आपल्याकडे आहे: १८५७ मध्ये विष्णुबुवा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी जाहीर वाद घालत होते. तुम्ही तिथून सुरुवात करा, पुढचा लेख मीही त्या वादावरच लिहितोय.