हात बदला ना जराक, मास्तर

२०२३च्या मार्चमध्ये बायकांचं एसटीचं तिकीट अर्धं झालं. पंचाहत्तरीपुढच्या म्हाताऱ्यांचं तर आदल्या वर्षीच्या ऑगस्टातच फुकट झालं होतं. दोन्ही गोष्टी चांगल्या. आमच्या घरात बाबा आणि बायको दोघंही त्यांचा लाभ घेतात, त्यामुळे मला तक्रारीला तोंड नाही. पण तेव्हापासून आर्वीच्या गाडीत मला बसायला जागा मिळालेली नाही, एवढं नमूद करून ठेवतो. मी जिल्हा परिषदेचा मास्तर. जाताना बावीस किलोमीटर, येताना बावीस, उभ्यानं, वरची दांडी धरून. आणि माणूस हात वर करून दांडीला लोंबकळला की त्याची बगल बरोब्बर बसलेल्याच्या नाकावर येते. दांडी बसवणाऱ्यानं याचा विचार केला नसावा. तो बसून प्रवास करत असेल.

एप्रिलातली गोष्ट. सकाळची शाळा सुटली, बाराची गाडी मिळाली. पारा चव्वेचाळीसवर. माझ्या बगलेखालच्या सीटवर आमच्याच गावचे काकाजी, वय अठ्ठ्याहत्तर, तिकीट शून्य. दोन थांबे त्यांनी सोसलं. तिसऱ्या थांब्याला म्हणाले, "हात बदला ना जराक, मास्तर."

मी उजवा खाली घेतला, डावा वर केला. काकाजी मिनिटभर गप्प राहिले. मग हळूच म्हणाले, "पैलाच बरा होता."

कंडक्टरसुद्धा हसला. पाचवीतली माझी एक विद्यार्थिनी मागच्या सीटवर होती, ती खिडकीबाहेर तोंड काढून हसली. तेवढा मान तिनं ठेवला.

घरी बायको सांबार, म्हणजे कोथिंबीर, निवडत होती. तिला सांगितलं. वाटलं, काकाजींना चार शब्द बोलेल.

"अवो, मी बावीस वर्सांपासून तेच तं सांगून रायली."

"केव्हा सांगितलंस?"

"रोज. शर्ट भिजोताना."

ते तिनं शर्टाला सांगितलं असणार. माझ्यापर्यंत आलं नाही.

आता आमच्या गावाला सुगंधाचं वावडं आहे असं कोणी समजू नये. आंघोळ झाल्याचा पुरावा म्हणून मानेवर पावडरीचा पांढरा पट्टा ठेवणारी एक अख्खी पिढी मी पाहिली आहे. पट्टा पुसलेला माणूस बिनआंघोळीचा धरला जायचा. लग्नात गुलाबपाणी शिंपडलं जायचं, आणि मानाच्या पाहुण्याच्या कानाच्या पाळीत अत्तराचा फाया खोचला जायचा. अत्तर कन्नौजचं असलं तरी फाया आमच्या वावरातला, हा विदर्भाचा त्यातला वाटा. मिलिटरीतले एक मामा सुटीवर आले की कॅन्टीनचं ओल्ड स्पाइस आणायचे. पांढरी बाटली, तिच्यावर शिडाचं जहाज. ते दाढी करून चौकात आले की पोट्टे त्यांच्या मागून नुसतेच चालायचे. पण हे सगळं सणावाराचं. रोजच्या शाळेला जाताना गमगमत जायचं, ही चाल आमच्याकडे नव्हती. पुढे काय झालं ते यावरून कळेल.

मुलगी अमरावतीला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. फोनवर म्हणाली, "बाबा, घामाला वास नसतोच मुळी. काखेतल्या ग्रंथी वेगळ्या असतात. त्यांच्यातून जे बाहेर येतं ते जिवाणू खातात, आणि वास येतो तो त्यांच्या खाण्याचा."

म्हणजे माझ्या बगलेत पंगत बसली होती. आणि वाढपी मीच.

तिच्या सांगण्यावरून उपाय दोन. डिओडरंट लावला तर पंगत उधळते आणि वर वास झाकला जातो. अँटीपर्स्पिरंट लावला तर स्वयंपाकघराचं दारच बंद: त्यातले अ‍ॅल्युमिनियमचे क्षार घामाच्या नळ्यांची तोंडं काही काळ बुजवतात. म्हणून तो रात्री, कोरड्या अंगावर लावायचा. मी म्हटलं, अ‍ॅल्युमिनियमचा क्षार तर सलूनवाल्याच्या तुरटीतही असतो. "मग तुरटी लावून पाहा," म्हणाली. तुरटीचा खडा ओला करून तीन दिवस फिरवला. गुण वाईट नव्हता. पण दुपारच्या बारापर्यंत तुरटीही सुट्टीवर जायची. मग आर्वीच्या बाजारात एका जनरल स्टोअर्समध्ये गेलो.

तिथं भिंतभर डबे. काळे, निळे, चंदेरी. नावं ओशन, आइस, स्टील, मिडनाइट, रिबेल. आता मिरची घ्यायला गेलं आणि दुकानदार भिवापुरी म्हणाला की डोळ्यासमोर मिरची येते. संत्रा म्हटलं की आंबिया बहार का मृग बहार, एवढंच विचारायचं राहतं. पण स्टीलला वास कसला? आमच्या घरी स्टीलची गंजी आहे, तिला कालच्या वरणाचा येतो. मिडनाइटला आमच्याकडे उकाड्याचा आणि मच्छर अगरबत्तीचा येतो. रिबेल म्हणजे बंडखोर. माझी पगारवाढ अडकलेली असताना मी बंडखोराचा वास मारत पंचायत समितीत जाऊ का?

"वास घेऊन पाहू का?"

"सील फोडता नाही येत मास्तर. झाकनाचा घ्या."

मी झाकणं हुंगायला लागलो. पहिलं गोड. दुसरं तिखट-गोड. तिसरं पहिल्यासारखं. चौथ्यानंतर नाकानं राजीनामा दिला. नाकाचं हे असंच असतं म्हणे, एकाच जातीचा वास सारखा आला की ते त्याची नोंद घेणं थांबवतं. म्हणूनच स्वतःवर अर्धा डबा ओतलेल्या माणसाला आपण काहीच लावलं नाही असं वाटतं, आणि तो उरलेला अर्धाही ओततो. शहरातल्या मोठ्या दुकानांत नाक ताळ्यावर आणायला कॉफीच्या बिया ठेवतात. इथं दुकानदारानं चहा मागवला.

चहा पिता पिता त्यानं मला परफ्यूमकडे वळवायचा प्रयत्न केला. डिओ हलका असतो, ओ द तॉयलेतमध्ये सुगंधी तेल पाचपासून पंधरा टक्के, ओ द पार्फममध्ये पंधराच्या वर वीसपर्यंत, असा हिशेब. डेअरीला दूध घालणाऱ्या माणसाला हे लगेच समजतं. फॅट जास्त, भाव जास्त. एका बाटलीवर रोमन लिपीत काही लिहिलं होतं, ते मी इंग्रजी मास्तरच्या आत्मविश्वासानं "पोअर होम" असं वाचलं. गरीब घर. म्हटलं, चला, आपल्यासाठीही काढलं कोणीतरी. किंमत पाहिली आणि बाटली ठेवून दिली. मुलीनं नंतर सांगितलं, ते फ्रेंच आहे, उच्चार "पूर ओम", अर्थ पुरुषांसाठी.

शेवटी ओशन घेतला. कारण विचाराल तर निळा रंग थंड वाटला. समुद्र मी सहलीत एकदा मुंबईला पाहिला, त्याला मासळीचा वास होता. आमच्या वर्धा जिल्ह्याच्या वाट्याला समुद्र आला आहे तो फक्त समुद्रपूर तालुक्याच्या नावात.

दुसऱ्या दिवशी सकाळी फसकन मारला. अंगणातून बाबांचा आवाज आला, "कायची फवारनी चालू हाय रे?" आणि लगेच, "वारं पाहून मार."

हे ते थट्टेनं म्हणाले नव्हते. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन माणसं मेली. तेव्हापासून फवाऱ्याचा आवाज आला की बाबा आधी पानं कुठल्या बाजूला हलतात ते पाहतात. मी दार लावून घेतलं.

घरापासून बसस्टॉप तीनशे पावलं. तेवढ्यात सात जणांनी विचारलं, "कोठी चालले मास्तर?" हे सातही जण मला अकरा वर्षांपासून रोज याच वेळी याच रस्त्यानं जाताना पाहतात.

"शाळेत."

"शाळेत?"

त्या दुसऱ्या 'शाळेत'ला जो हेल होता तो लिहून दाखवता येत नाही. आमच्याकडे अंगाला वास असायला कारण लागतं. शेणाचा आला तर गोठ्यातून आला, ढेपेचा आला तर गाईसाठी सरकी ढेप घेऊन आला, डिझेलचा आला तर मोटार बिघडली. वासावरून माणसाची अख्खी सकाळ वाचता येते. समुद्राचा आला तर काय वाचायचं? लोकांनी आपापल्या परीनं वाचलं. संध्याकाळपर्यंत बायकोला तिघींनी विचारलं की मास्तरांची बदली व्हायची आहे का. एकीनं बदलीचं न विचारता दुसरंच विचारलं, ते बायकोनं मला अजून सांगितलेलं नाही.

टीव्हीवर डिओ मारलेल्या माणसाच्या मागे पोरी धावत येताना दाखवायचे. ते इतकं वाढलं की २०११ साली माहिती व प्रसारण मंत्रालयाला मध्ये पडावं लागलं. माझ्या मागे धावत आले ते मुख्याध्यापक.

"मास्तर, इकडे या. कोपऱ्यात या जरा."

गेलो.

"हा करा."

मला कळेना. मग डोक्यात प्रकाश पडला. आमचा जिल्हा सेवाग्रामचा, गांधी-विनोबांचा, म्हणून सगळ्या जिल्ह्यात दारूबंदी. बंदी असल्यामुळे घेणाऱ्याला झाकावंही लागतं: वेलची, सोप, जास्तच झाली तर अंगावर सेंट. सकाळी सातला भपकारा मारत येणारा मास्तर म्हणजे रात्रीची उतरली नाही, हे गणित जिल्ह्यातलं शेंबडं पोरही सोडवेल. शिवाय डिओत अल्कोहोल असतंच, डब्यावर बारीक अक्षरांत छापलेलं असतं. म्हणजे त्यांचं नाक शंभर टक्के चुकलं होतं असंही म्हणता येत नाही. मी "हा" केला. सव्वीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा. त्यांनी दोनदा करायला लावला.

परतीच्या गाडीत काकाजी होतेच. मी मुद्दाम त्यांच्याच डोक्यावर उजवा हात वर केला. समुद्र येऊ द्या म्हटलं अंगावर. काकाजींनी नाक वर केलं, इकडेतिकडे पाहिलं, वाकून माझ्या पिशवीत पाहिलं.

"टरबूज कितीले भेटलं मास्तर?"

"टरबूज नाही आणलं काकाजी."

"मंग खाऊन आले असान."

रात्री मुलीला फोन केला. समुद्राचे पैसे देऊन टरबूज का मिळालं, ते विचारलं. ती आधी पोट धरून हसली, मग म्हणाली, काकाजींना आमच्या कॉलेजात आणा. १९६६ साली फायझर या औषध कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांना कॅलोन नावाचं एक रसायन सापडलं. त्याला समुद्रावरच्या वाऱ्यासारखा वास येतो, त्यामुळे पुढं समुद्री म्हणवणाऱ्या सुगंधांत ते भरपूर वापरलं गेलं. आणि त्याचं दुसरं नाव आहे वॉटरमेलन कीटोन. वर्धा नदीच्या रेतीतल्या टरबूजवाड्या राखत म्हातारा झालेला माणूस प्रयोगशाळेशिवाय तिथंच पोचला होता.

डबा अजून पाऊण भरलेला होता आणि आता त्याची वेगळीच काळजी सुरू झाली. त्यावर लिहिलं होतं, ५० अंशांच्या वर तापू देऊ नये. आत ब्यूटेन, प्रोपेन असले जळाऊ वायू. आमची खोली टिनाची. मेमध्ये तिथं थर्मामीटर लावायची हिंमत आम्ही केलेली नाही. बायकोनं डबा माठाशेजारी ठेवला. बाबांनी तो तिथून काढून रांजणाच्या बुडाशी, ओल्या रेतीत रोवला. घरात उन्हापासून इतकं कोणालाच जपलं गेलं नव्हतं. मी रोज भर उन्हात बावीस किलोमीटर उभा जातो, मला कोणी रेतीत ठेवलं नाही.

त्याच आठवड्यात सासुरवाडीला जाणं झालं. सासुरवाडी समुद्रपूर तालुक्यातली. तिथून गिरडच्या टेकडीवर बाबा फरीदांच्या दर्ग्याला गेलो. पायथ्याशी एक अत्तरवाला बसला होता, काचेच्या बुचांच्या बारक्या बाटल्या मांडून. त्याच्याकडे सील नव्हतं, झाकण हुंगायचीही भानगड नव्हती. "काम काय करता?" त्यानं विचारलं. "उभे राहता का बसता?" इतक्या नेमक्या प्रश्नानं मला भरून आलं. हिना दाखवली आणि स्वतःच बाजूला ठेवली, ती थंडीची, गरम असते म्हणाला. मग मिट्टी दाखवली: भाजलेल्या मातीतून काढलेला पहिल्या पावसाचा वास. वास अगदी खरा होता, म्हणूनच नको म्हटलं. तो वास आला की मला बियाण्याच्या बॅगा आणि सोसायटीचं कर्ज आठवतं.

मग त्यानं हाताच्या पाठीवर काडीनं एक थेंब टेकवला. "चोळू नका. वाळू द्या."

खस. म्हणजे आपला वाळा. लहानपणी आजोळी दारात वाळ्याची ताटी लावून तिच्यावर पाणी मारायचे, आणि आम्ही दुपारभर तिच्याशी नाक लावून पडायचो. तोळ्याचा भाव ऐकून पाव तोळा घेतला.

एप्रिलचा शेवटचा आठवडा. सकाळी आंघोळीनंतर बगलेत तुरटी फिरवली, बनियनवर वाळ्याचा एक थेंब. बसस्टॉपपर्यंत कोणी काही विचारलं नाही. मुख्याध्यापक जवळून गेले, थबकले, काही न बोलता पुढं गेले. बाराच्या गाडीत नेहमीसारखी गर्दी. पारा पंचेचाळीस. मी दांडी धरली. खाली काकाजी डोळे मिटून.

थोड्या वेळानं त्यांनी डोळे किलकिले केले. "कूलर बसोला का रे गाडीत?"

कंडक्टर म्हणाला, "एसटीत कूलर? बाप्पा!"

"मंग गार काहून लागून रायलं?"

पलीकडच्या सीटवरची बाईसुद्धा इकडं सरकून बसली. काकाजींची मान पुन्हा कलली, घोरायला लागले. दोन थांबे गेले. माझा खांदा भरून आला म्हणून मी हळूच उजवा हात खाली घ्यायला लागलो, तर त्यांनी डोळे न उघडताच माझं कोपर धरलं आणि वर ढकललं.

"हात नोका बदलू, मास्तर."