देवगडच्या दादांना उत्तर: पिन बदलूनही पेट्रोल गळतंय तर

दादा, तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, सकाळी उठून परत वाचली. तुमचं म्हणणं असं की मी ‘फ्लोट पिन बदला, गळती थांबेल’ असं लिहिलं (ही पिन म्हणजे कार्बोरेटरमध्ये येणारं पेट्रोल अडवणारी सुई), तुम्ही दोनदा दुरुस्तीचं किट आणून पिन बदललीत, दोन रविवार गेले आणि तुमची ८२ ची बुलेट अजून खळ्यात पेट्रोल सांडतेच आहे, आता अख्खा कार्बोरेटरच नवा घालणार, आणि अर्धवट माहिती देऊन लोकांना कामाला लावू नका. राग बरोबर आहे तुमचा. टाकीबद्दल मी एक ओळ लिहिली नव्हती आणि आपल्या किनार्‍यावर तीच पहिली लिहायला हवी होती. पण जुना कार्ब काढून फेकायच्या आधी एवढं वाचा.

त्याहून आधी एक काम, आजच करा. इंजिन ऑइलची पट्टी काढून वास घ्या. ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल किंवा ते पाण्यासारखं पातळ लागत असेल तर गाडी अजिबात चालू करू नका, ऑइल बदला. गळणारं पेट्रोल सगळं जमिनीवरच पडतं असं नाही, थोडं आतल्या बाजूने सिलिंडरमध्ये आणि तिथून खाली ऑइलमध्ये उतरतं. किक जड लागली तर पायाने जोर लावू नका, प्लग काढा आणि मगच किक फिरवा, म्हणजे आत साचलेलं पेट्रोल बाहेर येईल. त्या वेळी प्लगची कॅप लांब ठेवा. आणि गाडी पडवीत असेल, जवळ चूल किंवा समई असेल तर आधी गाडी बाहेर काढा, हे मी अगदी हात जोडून सांगतो.

आता पिनकडे येतो. टाकीतलं पेट्रोल वरून खाली येतं, कार्बच्या तळाची वाटी भरली की तिच्यातला फ्लोट, म्हणजे पेट्रोलवर तरंगणारा पोकळ डबा, वर उचलला जातो आणि त्याची जीभ पिनला ढकलून सीटचं, म्हणजे पिन जिच्यात बसते त्या तुकड्याचं, भोक बंद करते. म्हणजे भोक बंद करायला दोघं लागतात, पिन आणि सीट. तुम्ही पिन नवी घातलीत, सीट जुनीच आहे ना? माझ्या येझदीचं असंच झालं होतं. दाराशी उजेडात धरून बघितली तर जुन्या पिनच्या टोकाला केसाएवढी गोल रेघ पडलेली, नखाला जाणवत होती, म्हणून नवी पिन घातली आणि चौथ्या दिवशी परत टपटप. कारण तशीच रेघ सीटमध्येही होती आणि ती खालून बघितल्याशिवाय दिसत नाही. सीट काढली तर तिच्याखालचा फायबरचा वायसर (वॉशर) चिरलेला! पेट्रोल नुसतं पिनच्या मधून येत नव्हतं, सीटच्या आट्यांमधून बाजूनेही उतरत होतं. अशा वेळी जगातली सगळ्यात चांगली पिन घाला, गळणारच. त्यामुळे पिन आणि सीट जोडीने बदला आणि वायसर नवा टाका, तो वायसर किटमधून निसटून पडतो आणि आपल्या लक्षातही येत नाही.

फ्लोट कानाशी धरून हलवा. आत खळखळ झालं तर त्यात पेट्रोल शिरलंय, तो तरंगणारच नाही. आवाज नसेल तरी पितळी असेल तर कडकडीत पाण्यात बुडवा, बारीकसा जरी बुडबुडा आला तर भोक आहे, (पाणी तापवून शेगडी बंद करून मग, पेट्रोलचा फ्लोट विस्तवाजवळ न्यायचा नाही). कोणी म्हणेल भोकाला डाग (सोल्डर) देऊन देतो, तर आतलं पेट्रोल पूर्ण सुकल्याशिवाय देऊ नका, फुटतो तो.

आणि आता टाकी, जी मी गाळली होती. पाईप कॉकपासून (टाकीखालच्या पेट्रोलच्या नळापासून) पुढे कार्बला न जोडता एका काचेच्या बरणीत सोडा, पेट्रोल भरू द्या आणि अर्धा तास हलवू नका. तळाशी तांबूस बारीक भुकटी बसली तर ती टाकीचा गंज आहे. मी कितीतरी वर्षं वाटीत तसली भुकटी बघून जांभ्याची माती समजत होतो, रस्त्याची धूळ एअर फिल्टरमधून येते असं धरून चाललो होतो. पण बरणीत एअर फिल्टर कुठे असतो? खार्‍या वार्‍यात पावसाचे चार महिने अर्धी टाकी उभी राहिली की वरचा रिकामा पत्रा आतून गंजतो, तो गंज कॉकच्या जाळीतूनही पुढे जातो, पिन आणि सीटच्या मध्ये एक कण अडकला तरी झालं, पिन पूर्ण बसत नाही. तुमच्या दोन्ही किटांचं हेच झालं असेल असा माझा अंदाज आहे, म्हणून पहिल्या दिवशी बरं वाटलं असेल आणि मग परत सुरू.

तुम्ही इथेनॉललाही दोष दिलात. त्यात तथ्य आहे, आता पंपावर २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, पाणी जास्त झालं की ते दोघं मिळून वेगळे होऊन तळाशी बसतात, जिथे कॉक असतो तिथेच. बरणीत तळाशी वेगळा थर दिसला तर तो तोच. जुनं रबर त्याने फुगतं किंवा कडक होतं, त्यामुळे ८२ च्या गाडीचा पाईप आणि पॅकिंग बदलून टाका. पण चिरलेल्या वायसरला इथेनॉल जबाबदार नाही हो. आणि पावसाळ्याआधी टाकी एक तर तुडुंब भरा नाहीतर पूर्ण रिकामी करून सुकवा, मधलं काही नको.

कॉकही बघा. बरणीवर पाईप सोडून कॉक बंद करा, दहा मिनिटात एकही थेंब पडता कामा नये. पडला तर कॉकही गळतोय. कॉक धड असता आणि बंद ठेवला असता तर पिन खराब असूनही उभ्या गाडीतून रात्रभर पेट्रोल गेलं नसतं. गाडी साईड स्टँडवर उभी करून कॉक चालू सोडत असाल तर तेही थांबवा, वाटी वाकडी झाली की फ्लोट नीट काम करत नाही.

नक्की कुठून गळतंय हे खालच्या थेंबावरून सांगू नका, पेट्रोल अंगावरून वाहत वाहत सगळ्यात खालच्या टोकाला येऊन पडतं. कार्ब पुसून कोरडा करा, बाहेरून अंगाला टाल्कम पावडर चोळा, कॉक उघडा आणि बघत बसा. पावडर जिथे आधी ओली होऊन काळपट पडेल तिथून गळतंय.

नवा कार्ब घेऊच नका असं मी म्हणणार नाही, वाटीची कड वाकली असेल किंवा बॉडीला तडा असेल तर घ्यावाच लागतो. पण तुम्ही लिहिलंत त्यात असलं काही दिसत नाही. टाकीत गंज तसाच राहिला तर नव्या कार्बचंही तेच होणार. फायबरचे वायसर माझ्याकडे चार-पाच जास्तीचे आहेत, रत्नागिरीहून देवगडच्या एसटीत कोणी ओळखीचं आलं तर त्यांच्या हाती पाठवतो. तोवर बरणीत काय बसलं ते लिहून कळवा.