बिनकेसांची केस

परवा सकाळी सहा वाजून पन्नास मिनिटांनी, अंगावर पोहण्याची चड्डी आणि खांद्यावर पंचा एवढ्याच ऐवजानिशी मी नगरपरिषदेच्या जलतरण तलावाच्या काठावर उभा होतो, आणि तिथून मला शिट्टी मारून परत पाठवण्यात आलं. कारण माझ्याकडे टोपी नव्हती. मला टक्कल आहे.

एवढं सांगितलं की लोक टकलावर हसतात. परत पाठवल्याबद्दल कोणी चिडत नाही. म्हणून लिहायला बसलो.

पोहण्याचं खूळ माझं नव्हे, डॉक्टरांचं. गुडघे दाखवायला गेलो तर ते म्हणाले, पाण्यात वजन पाणी उचलतं, गुडघ्यांना सुट्टी मिळते, पोहा. आता तुम्ही म्हणाल, कोकणात राहता, दहा मिनिटांवर समुद्र आहे, तलाव कशाला? शाळेत आम्ही महाराष्ट्राला ७२० किलोमीटरचा किनारा लाभला आहे हे घोकलं होतं. त्यातला आमच्या वाट्याचा तुकडा मे महिन्यात पर्यटकांच्या ताब्यात असतो. पाण्यात जेट स्की, वर पॅराशूट, मधून पिवळं रबरी केळं आणि त्यावर किंचाळणारी आठ माणसं. त्या केळ्याखाली येऊन मरण्यापेक्षा तलाव बरा. जूनपासून तर समुद्राकडे बघायचीही सोय नाही. जिथे मासेमारी दोन महिने बंद असते तिथे माझ्यासारखा बांगडा काय उतरणार!

तर अर्ज केला. दोन फोटो, आधार, चालू वर्षाची घरपट्टी भरल्याची पावती, त्वचारोग नसल्याचा वैद्यकीय दाखला. सगळं दिलं, पास मिळाला. पहिल्या दिवशी सहा पंचेचाळीसच्या बॅचला हजर झालो. बॅच पंचेचाळीस मिनिटांची. पाच मिनिटं कपडे बदलण्यात गेली, आणि पायरीवर पाय ठेवतो तोच जीवरक्षकाने शिट्टी फुंकली.

"काका, कॅप?"

मला वाटलं मस्करी करतोय. मी डोक्यावरून हात फिरवून दाखवला. तो हसला नाही. त्याने खिडकीकडे बोट दाखवलं. मग मी त्या चड्डीत, ओल्या फरशीवरून, उन्हाळी शिबिराच्या मुलांना घेऊन आलेल्या यच्चयावत आयांसमोरून तिकीट खिडकीपर्यंत चालत गेलो. ते अंतर वीस पावलं असेल. मला ती सावंतवाडी ते वेंगुर्ला वाटली.

खिडकीत एक मुलगी होती. विशीतली, कंत्राटावरची, झोपेतून नुकती उठलेली. तिच्यावर माझा अजिबात राग नाही. ती म्हणाली, "काका, कॅपशिवाय पाण्यात सोडत नाही."

"कॅप कशासाठी असते?"

"केस गळून फिल्टरमध्ये अडकू नयेत म्हणून."

"मला केस आहेत का?"

तिने वर बघितलं. बिचारी लाजली. "नाही, म्हणजे... थोडे..." म्हणाली, आणि इथे केस निकालात निघाली असती. पण खिडकीशेजारच्या बाकावर, मांडीवर नातवाचा टॉवेल आणि हातात खारीची पुडी घेऊन एक गृहस्थ बसले होते. सत्तरीपुढचे, पांढरा लेंगा, वर बनियन, त्यावर शर्ट पण बटणं उघडी. त्यांनी खारीचा तुकडा तोंडात टाकला आणि हात वर केला.

"थांब गो चेडवा. बोर्डार काय लिवलेला हा ता वाच."

मुलीने मान वळवून फलक वाचला. नियम क्रमांक सात. तलावात उतरणाऱ्या प्रत्येकाने टोपी वापरणे बंधनकारक आहे.

"प्रत्येकाने," गृहस्थ म्हणाले. "केसवाल्याने लिवलेला नाय. तुमी प्रत्येक हास की नाय?"

आयुष्यात मला पुष्कळ प्रश्न विचारले गेले आहेत, पण मी प्रत्येक आहे की नाही हे कोणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "अहो, पण नियमामागे काही हेतू असतो ना?"

"हेतू साहेबान बघूचो. आपण बोर्ड बघूचो. मी बत्तीस वर्सा कोर्टात बेलीफ होतंय." खारी संपली होती, त्यांनी हात नातवाच्या टॉवेलला पुसले. "समन्स घेऊन जातंय, माणूस घरात नाय. मग काय करतंय? दारार चिकटवतंय. माणूस नसलो तरी समन्स दाराक लागता. तसाच ह्या. केस नसले तरी टोपी डोक्याक लागता."

मागच्या आयांपैकी एकीने "बरोबर" म्हटलं. मी तिला ओळखत नाही. ओळखायची इच्छाही नाही.

इथवर प्रकरण कायद्याचं होतं. पण आमच्या भागात कुठलंही प्रकरण पाच मिनिटांच्या वर कायद्याचं राहत नाही, ते कुळाचं होतं. बेलीफांनी विचारलं, "तुमी खयचे?" मी वाडी सांगितली. "कोणाचे?" वडिलांचं नाव सांगितलं. त्यांचा चेहरा उजळला. "तरीच!" ते म्हणाले, आणि बाकावर सरकून मला बसायला जागा केली. मी ओल्या चड्डीनेच बसलो. (कोरडीच होती खरं तर. तीच तर तक्रार आहे.)

"तुमच्या बापाशीक केस होते," बेलीफ सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "दाट. पण आजो तुमचो टकलोच. माका बरो याद हा. गणपतीत आरतीक उभो रवलो की निरांजन टकलात दिसा." खिडकीतल्या मुलीने हसू दाबण्यासाठी रजिस्टर उघडलं. "म्हणजे तुमचा ह्या वडिलोपार्जित. स्वकष्टार्जित नाय."

मी म्हटलं वडिलोपार्जित असो की स्वकष्टार्जित, त्याचा सातबारा सध्या माझ्या नावावर आहे आणि त्यावर पीक नाही. ही माझी त्या सकाळची एकमेव बरी कोटी. तिला कोणी हसलं नाही. उलट बेलीफांनी मला खांद्याला धरून वळवलं, कानामागे बोट लावलं आणि जाहीर केलं, "मग ह्ये काय हत?"

माझ्या डोक्याला मागून, कानापासून कानापर्यंत, घोड्याच्या नालासारखी एक झालर शिल्लक आहे. ती मी महिन्यातून एकदा न्हाव्याकडून कापून घेतो, आणि तो निर्लज्जपणे पूर्ण डोक्याचे पैसे घेतो. ती झालर आता पुराव्यादाखल पंचांसमोर आली. आया जवळ आल्या. कोणाची तरी मुलगी "आई, काकांचे केस खाली घसरलेत" म्हणाली. मला मान्य आहे, निरीक्षण अचूक होतं.

आणि नेमका याच वेळी तलावातून एक तरुण बाहेर आला. डोक्यावर घट्ट निळी टोपी. बाकी देह म्हणजे अस्वल. छातीवर, पाठीवर, खांद्यावर, कानांत, सर्वत्र घनदाट देवराई, आणि हनुवटीखाली वीतभर दाढी, जिच्यातून पाणी टपकत होतं. मी नुसता त्याच्याकडे हात केला. काही बोललो नाही. बोलण्यासारखं उरलं काय होतं?

बेलीफांनी त्याला पायापासून वरपर्यंत नीट न्याहाळलं. "टोपी हा," ते म्हणाले.

तर गेटबाहेरच्या टपरीवर टोपी मिळते. चहा, बिस्किटं, लॉटरी आणि टोप्या. नव्वद रुपये. लहान मुलांचीच उरली होती, तीही गुलाबी. मराठीत टोपी घालणे याचा जो अर्थ आहे तो मला शाळेपासून ठाऊक आहे; पण समोरच्याने आपल्याला घालायची टोपी आपणच विकत आणून स्वतःच्या हाताने घालायची, ही सोय फक्त आमच्या नगरपरिषदेत असावी. टपरीवाला म्हणाला, "ताणून घाला, येते." ताणून घातली. भुवया कपाळावर चढल्या आणि पुढचे काही क्षण मी सगळ्या जगाकडे आश्चर्याने बघत होतो.

सात वाजून बारा मिनिटांनी मी पाण्यात उतरलो. आणि आता एक गोष्ट सांगतो जी फलक लिहिणाऱ्याला माहीत नाही, बेलीफांना माहीत नाही, पण जगातल्या प्रत्येक टकल्याला कळेल. रबरी टोपी डोक्यावर राहते ती केसांना धरून. गुळगुळीत ओल्या डोक्यावरून ती साबणाच्या वडीसारखी सुटते. दुसऱ्या हाताला माझी टोपी फट् आवाज करून उडाली, पाण्यावर जेलीफिशसारखी दोनदा उघडमीट झाली आणि खोल बाजूला निघून गेली. शिट्टी वाजली. काठावरून बेलीफ ओरडले, "टोपी! टोपी!" मी टोपीमागे, शिट्टी माझ्यामागे. टोपी सापडली नाही. बॅच संपली. मी एकूण सव्वा चकरा पोहलो.

घरी येऊन मी आधी गणित केलं. तलाव पंचवीस मीटर लांब, म्हणजे ऑलिंपिकच्या निम्मा. रुंदी साडेबारा धरा, खोली सरासरी दीड मीटर. सुमारे पावणेपाच लाख लिटर पाणी. एवढ्या पाण्याला माझ्या कानामागच्या झालरीचं भय! बरं, नियम वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. लांब केस पंपाच्या जाळीत गुंततात, हे खरंच आहे. पण त्याच फलकावर नियम क्रमांक एक होता: तलावात उतरण्यापूर्वी शॉवर घेणे बंधनकारक. आणि शॉवरला पाणी नव्हतं. नळाची चकतीच नव्हती, तिथे सुतळी बांधलेली होती. तलावावर जो उग्र वास येतो, ज्याला आपण क्लोरीनचा वास म्हणतो आणि वा, काय स्वच्छ पाणी आहे असं समजतो, तो निव्वळ क्लोरीनचा नसतो. अंगाचा घाम आणि लहान मुलांचं (फक्त लहान मुलांचंच असं मी धरून चालतो) जे काय ते, यांच्याशी क्लोरीनची गाठ पडली की तो वास सुटतो, डोळे चुरचुरतात. म्हणजे अंघोळ हाच खरा मुद्दा. पण अंघोळीसाठी नगरपरिषदेला नळ लावावा लागतो. टोपी माणसाने स्वतः आणायची असते. जो नियम पाळायचा खर्च दुसऱ्याच्या खिशातून होतो तो आमच्याकडे काटेकोर पाळला जातो.

रागाच्या भरात मी कायदाही उघडला. १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमात कर्तव्यं दोन प्रकारची आहेत, बंधनकारक आणि ऐच्छिक. उद्यानं, बागा ऐच्छिकात. दिवाबत्ती, गटारं बंधनकारक. (आमच्या गल्लीतलं गटार बघता त्यालाही चुकून ऐच्छिकात टाकलेलं दिसतं.) पुढे ७४ व्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची आली, तिच्यात शहरांकडे सोपवायचे अठरा विषय, आणि त्यांतला बारावा उद्यानं, बागा आणि क्रीडांगणांचा. ही दुरुस्ती लागू झाली १ जून १९९३ ला. १ जून, म्हणजे आमच्याकडे होड्या किनाऱ्यावर ओढून झापांनी झाकून ठेवतात तो दिवस. मला वाटतं अनुसूचीही त्याच दिवशी झापांखाली गेली असावी.

नाहीतर खाडीजवळच्या बागेतली ओपन जिम बघा. खाऱ्या हवेत लोखंड किती दिवस टिकतं हे इथलं शेंबडं पोर सांगेल. उद्घाटनाला सगळे पुढारी त्या पायंडलवर चढून हसत फोटो काढून गेले. आता एकच यंत्र हलतं, तेही करकरत, आणि छाती मजबूत करायच्या यंत्राच्या सीटवर समोरच्या काकू मे महिनाभर आमसुलं वाळत घालतात. त्या सगळ्या जिमची चांगली वापरात असलेली वस्तू ती एकच. मी काकूंच्या बाजूने आहे.

आणि हे सगळं मी हसत हसत बायकोला सांगत होतो, तर ती म्हणाली, "तुला निदान परत पाठवलं. मला बोलावलंच नाही." ती माहेरच्या विहिरीत, पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधून पोहायला शिकलेली. माझ्यापेक्षा चांगली पोहते. मी सव्वा चकरा म्हणतो तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे येतं ते मी बघायचं टाळतो. महिलांची राखीव बॅच दुपारी अडीच ते सव्वातीन. मे महिन्यात, उघड्या तलावावर, दुपारी अडीच. काठाची फरशी तेव्हा पोळे भाजता येतील इतकी तापलेली असते. त्या वेळी घरात जेवणाची आवराआवर असते, चाकरमानी आलेले असतात, फणस कापायचे असतात. अर्थात कोणी जात नाही. आणि आता खिडकीवर कागद लागलाय: महिलांचा प्रतिसाद नसल्याने सदर बॅच बंद करण्याचे विचाराधीन आहे. यावर विनोद करायचा मी प्रयत्न केला. जमला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुसरी टोपी (नव्वद रुपये, पुन्हा गुलाबीच) घेऊन गेलो, तर गेटला कुलूप. वर पाटी: तांत्रिक कारणास्तव तलाव बंद आहे. चला, निदान नळाची चकती तरी बसवत असतील, असं म्हणून परत आलो.

आज मासळी बाजारात बेलीफ भेटले. मी बांगड्यांचा वाटा बघण्यात गुंतलोय असं दाखवलं. उपयोग झाला नाही.

"तुमची टोपी गावली," ते म्हणाले. "पंपाच्या जाळीत अडाकलेली. त्येच्यासाठीच तलाव बंद हा."

मी काही बोललो नाही. कोळणीने वाटा पिशवीत टाकला.

"हाफिसात ठेवलेली हा. घेऊन जावा. अर्ज करूचो लागतलो, आणि दोन फोटो."

"पासाच्या वेळचे आहेत माझ्याकडे," मी म्हटलं.

बेलीफांनी माझ्या डोक्याकडे बघून मान हलवली. "ते नाय चलाचे. टोपी घातलेले व्हये."