डब्याची पट्टी

आमच्या वावरात जे उभं आहे त्याला गावात 'गुरुजीचा डबा' म्हणतात. तुम्ही शहरातले असाल तर कॅराव्हॅन म्हणाल. आत पलंग, छोटा ओटा, संडास. बाहेरून पांढऱ्या ॲल्युमिनियमच्या पत्र्याचं अंग. चाकं आहेत, इंजिन नाही. ट्रॅक्टरमागे जोडून तो गावात आणला त्या दिवशी पानठेल्यावरच्या एकाने डोळे बारीक करून विचारलं, "इंजन नाई, तं गाडी काहून म्हनता जी गुरुजी? हे तं ट्रालीवर ठेवलेलं घर होय." तेव्हापासून मी गाडी म्हणणं सोडलं.

हे सगळं लफडं मेव्हण्याचं. राज्य सरकारचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ साली आलं आणि ते आमच्या मेव्हण्याने वाचलं. सरकारी धोरणं वाचणारा माणूस नात्यात असू नये. "भाऊजी, ताडोबा तुमच्या दारात," तो पुण्याहून फोनवर म्हणाला. आता आमचं गाव चिमूर तालुक्यात, ताडोबाचं कोलारा गेट दुचाकीवर अर्ध्या तासाचं. ह्याला दार म्हणायचं तर म्हणा. त्याने कुठल्याशा प्रकल्पावर आलेल्या परदेशी साहेबांचा जुना अमेरिकन ट्रेलर स्वस्तात उचलला. पैसे त्याचे, जागा माझी, नफा निम्मा-निम्मा. देखभालीचा शब्द कुणी काढला नाही, त्यामुळे ती आपोआप माझ्याकडे आली.

पहिला घोळ दाराचा. अमेरिकेत गाड्या रस्त्याच्या उजव्या अंगाने चालतात, म्हणून ह्याचं दार उजवीकडे, त्यांच्या फुटपाथच्या बाजूला. आपल्याकडे तेच दार भर रस्त्यात उघडतं. आमच्या वावरात ते पश्चिमेला उकिरड्याकडे उघडतं, कारण पूर्वेला चिंचेच्या खांद्या आड येतात आणि डबा फिरवून लावायचे ट्रॅक्टरवाल्याने वेगळे पैसे मागितले.

तरी दोन पावसाळे नीट गेले. तिसऱ्या पावसाळ्यात पलंगाच्या वर, कोपऱ्यात, चहा सांडल्यासारखा डाग उमटला. मी बोट लावलं. प्लायवूड भिजलेल्या मारीच्या बिस्किटासारखं आत गेलं.

आता ह्या डब्याची रचना सांगतो, कारण पुढची सगळी फजिती तिच्यातच आहे. छताचा पत्रा आणि भिंतीचा पत्रा जिथे भेटतात त्या कडेवर ॲल्युमिनियमची रेल स्क्रूने आवळलेली असते. ती समोर खालून चढते, छताच्या कडेने जाते आणि मागे उतरते. रेलच्या मधोमध खाच. खाचेत स्क्रूची डोकी. आणि ती डोकी झाकायला खाचेत दाबून बसवलेली विनाइलची पांढरी पट्टी, पाऊण इंच रुंद. दिसायला शाळेच्या बुटाच्या नाडीइतकी गरीब.

ही पट्टी फाटत नाही, तुटत नाही. ती आखडते. विनाइल मुळात कडक प्लास्टिक; ते लवचीक व्हावं म्हणून त्यात तेलासारखं काहीतरी मिसळलेलं असतं आणि ऊन ते हळूहळू काढून घेतं. मग पट्टी पिवळी पडते, टणक होते, लांबीला कमी होते. आणि हे कुठे, तर विदर्भात, जिथे २३ मे २०१३ ला नागपूरने ४७.९ अंश पाहिलेत. आमची पट्टी दोन्ही टोकांना वीतभर मागे सरकली होती. उघडे पडलेले स्क्रू गंजले होते आणि पाणी स्क्रूच्या आट्यांवरून, गोल जिना उतरावा तसं, आतल्या लाकडात उतरत होतं.

मेव्हण्याला फोन केला. तो म्हणाला, "पाच मिनिटांचं काम आहे, भाऊजी. जुनी ओढून काढायची, नवी दाबायची." हा माणूस पुण्यात नवव्या मजल्यावर राहतो. त्याच्या डोक्यावर छत नाही, दहावा मजला आहे.

मी शाळेची फूटपट्टी घेऊन शिडीवर चढलो आणि रेल मोजली. खाच मोजायची सोडून बाहेरची अख्खी रेल मोजली. मागवलेली शंभर फुटांची गुंडाळी आली तेव्हा पट्टी एक इंची निघाली. पाऊण इंचाच्या खाचेत एक इंच बसत नाही, हे मी चौथीला शिकवतो. परत पाठवायची मुदत आठ दिवस होती आणि त्यातले सहा मी ती दाबून बसवण्यात घालवले होते. गुंडाळी अंगणात पडून राहिली. आईने ती उचलली, दोन हातांत ताणून पाहिली, म्हणाली, "बाजेले होते." आणि बाजेच्या जुन्या उभ्या नेवारीतून ती आडवी ओवायला बसली. मी हो-नाही म्हणायच्या आत चार फेरे झाले होते.

दुसरी गुंडाळी पाऊण इंची, पण पन्नास फुटांची. गरज छप्पनची. इथे माझ्यातला मास्तर झोपला आणि माझ्यातला किराणेवाला जागा झाला. विनाइल ताणलं की लांबतं! एका माणसाने टोक धरायचं, मी ओढत-ओढत दाबत जायचं; छप्पन काय, अठ्ठावन्न फूट भरले. उरलेले दोन फूट मी कापून अभिमानाने खिशात घातले. उघडे दिसत होते तेवढे सांधे गावच्या हार्डवेअरमधलं सिलिकॉन फासून बुजवले आणि खाली उतरून दोन कप चहा घेतला.

विनाइल ताणलेलं विसरत नाही. मी तिच्याकडून आठ फूट उसने घेतले होते, ते तिने पुढच्या उन्हाळ्यात व्याजासकट वसूल केले. एप्रिलमध्ये टोकं बोटभर सरली, मे लागताच हातभर. पाहुण्यांचं पहिलं कुटुंब आलं तेव्हा समोरच्या कोपऱ्यातून सुटलेलं टोक वाऱ्यावर हलत होतं. त्यांच्या लहान पोराने विचारलं, "काका, ह्याची नाडी सुटली का?"

मग मात्र मी शहाण्यासारखं करायचं ठरवलं. नेमक्या त्याच दिवशी आमच्या घरावर कवेलू फेरायला मामाजी आले होते. रोहिण्या लागल्या की ते येतात, वांदरांनी फोडलेली कवेलू बदलतात, सरकलेली नीट लावतात. सत्तरी उलटली आहे. आमच्या छपरावर मांजरासारखे चालतात. कोणत्या कवेलूवर पाय द्यायचा हे त्यांना वरून नाही, तळव्यातून कळतं. शाळेत असताना मी बापूंना म्हणालो होतो, दरवर्षी हे काय नाटक, पक्कं छत घाला एकदाचं. बापू काही बोलले नव्हते.

मामाजी बिडी पेटवून डब्याखाली उभे राहिले. "का करता जी गुरुजी वर?"

"पट्टी बदलतो."

"पट्टीखाली का हाय?"

"स्क्रू."

"आन् त्याच्याखाली?"

हा प्रश्न मला दोन वर्षांत सुचला नव्हता. मेव्हण्याला तर कधीच सुचला नसता. कारण पट्टी पाणी अडवतच नाही. ती नुसती झाकण, ऊन-पावसाचा पहिला मार खाणारी. खरं पाणी अडवतो तो रेल आणि पत्रा यांच्यामधला ब्युटाइल टेपचा थर, राखाडी, चिकट, चघळून थुंकलेल्या चुंगमसारखा. आमचा थर सुकून भेगाळला होता. मामाजींनी नखाने एक तुकडा उपटला, चुरला आणि फुंकून टाकला. "मंग वरून कितीबी सजवा न जी."

म्हणून अख्खी रेल उतरवली. निम्मे स्क्रू निघाले, निम्म्यांची डोकी हातात आली. सिलिकॉन खरवडायला सगळ्यात जास्त वेळ गेला, कारण त्याच्यावर दुसरं काहीच चिकटत नाही आणि ते स्वतः मात्र सोडत नाही. मी बायकोचा सराटा, म्हणजे उलथनं, घेतला. पत्र्यावर ओरखडे उठले, सराटा वाकला, आणि त्या संध्याकाळी पोळी एका बाजूने करपलेली होती; चौकशी केली नाही. नंतर प्लास्टिकची जुनी पट्टी वापरली, ती शाळेचीच, जिने आधी चुकीचं मोजलं होतं. सडलेलं लाकूड काढून नवं बसवलं. जिथे भोकं नुसती सैल झाली होती तिथे मामाजींनी माचिसच्या काड्या फेविकॉलमध्ये बुडवून ठोकल्या. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे आणले. ब्युटाइल टेप लावून रेल आवळली तसा कडेने राखाडी लोंढा बाहेर आला. तो पाहून मामाजी पहिल्यांदा खूश झाले. "आता बसलं बुडाशी."

पट्टी ह्या वेळी शंभर फुटांची, पाऊण इंची. आधी ती उन्हात पसरायची, म्हणजे गुंडाळीचे पीळ जातात आणि ती सैलावते. अंगणात बायकोच्या कुरडया वाळत होत्या, त्यांच्या शेजारी मी पट्टी लांब केली. तासाभरात ती वरणातल्या सरगुंड्यासारखी लुळी पडली. मग साबणाच्या पाण्याने खाच ओली करून, लाटण्याच्या गोल मुठीने दाबत, अजिबात न ओढता बसवत गेलो. न ओढणं फार अवघड असतं. हात आपोआप ताणतो. मामाजी खालून दर चार फुटांना ओरडत होते, "ढिल द्या जी, ढिल द्या," जणू मी पतंग उडवत होतो. दोन्ही टोकांना वीतभर जास्तीची ठेवून ती दुमडून आत खोचली. आखडायचं तर ह्यातून आखड.

शेवटी ऊन लागू नये म्हणून पट्टीवर मारायचा फवारा मारला. तो दर काही महिन्यांनी मारायचा, पट्टी सौम्य साबणाने धुवायची आणि पावसाळ्याआधी व नंतर शिडीवर चढून टोकं पाहायची. आई ओट्यावरून बघत होती. म्हणाली, "साठ वर्सं उन्हात निंदन केलं म्या. मले कोनी फवारलं नाई."

मिरग दहा दिवस उशिरा आला, पण आला तो आडवा. रात्री साडेअकराला मी छत्री आणि टॉर्च घेऊन डब्यात जाऊन बसलो. छताचे चारही कोपरे चाचपले. कोरडे. प्लायवूडवर बोट फिरवलं, कोरडं. मी इतका खूश झालो की फोन उचलताना हात थरथरत होता.

"गळतंय का, भाऊजी?"

"छतातून थेंब नाही," मी म्हणालो. त्याच वेळी चप्पल तरंगत पलंगाखाली गेली. पश्चिमेचा पाऊस दाराच्या फटीतून सरळ आत येत होता आणि सोबत थोडा उकिरडाही आणत होता. अमेरिकेतल्या फुटपाथला उकिरडा नसावा.

दारासाठी आता रबराची गॅस्केट मागवली आहे. दोनदा मोजून.

आईच्या बाजेला मात्र तक्रार नाही. नुसत्या नेवारीची बाज वर्षभरात झोळीसारखी होते, मग अंगणात बसून ती पुन्हा ताणावी लागते. ही दिवसभर उन्हात असते आणि दर उन्हाळ्यात आपोआप आवळत जाते. परवा आईने तिच्यावर थाप मारली, ढोलकीसारखा आवाज आला.

"तुह्या डब्याची पट्टी उरली असन तं दे न," ती म्हणाली. "शेजारनीले पायजे."