वयात शंभर मिळवण्याचा हिशेब चुकीचा आहे

ज्येष्ठांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक संदेश वर्षानुवर्षे फिरतो आहे. वयात शंभर मिळवावेत, येईल तेवढा वरचा रक्तदाब त्या वयाला योग्यच असतो, म्हणून सत्तरीला १७० आणि ऐंशीला १८० असला तरी गोळ्या घेऊ नयेत, उलट गोळ्यांनीच चक्कर येऊन माणूस पडतो आणि अंथरूण धरतो, असे त्यात सांगितलेले असते. तो पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो, पण त्यातील विधाने तपासून पाहिल्यावाचून राहवत नाही.

पहिले विधान वयाच्या हिशेबाचे. वयोमानाने रोहिण्या ताठर होतात आणि वरचा आकडा चढतो, हे खरे आहे. परंतु जे सर्रास आढळते ते निरोगीच असते असे नाही. मोतीबिंदूही उतारवयात सर्रास होतो, म्हणून तो कोणी तसाच ठेवत नाही. शिवाय ज्यांच्या आहारात मीठ जवळजवळ नसतेच, अशा ब्राझीलमधील यानोमामी आदिवासींमध्ये वयाबरोबर रक्तदाब वाढत नसल्याचे १९८८च्या 'इंटरसॉल्ट' अभ्यासात नोंदले गेले आहे.

दुसरे विधान, म्हातारपणी औषधांचा उपयोग नाही, हे तर थेट खोडून निघालेले आहे. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या 'शेप' चाचणीत साठ वर्षांवरील ४,७३६ जण होते आणि त्यांचा केवळ वरचा आकडा वाढलेला होता, म्हणजे हा संदेश ज्यांना निर्धास्त राहायला सांगतो नेमके तेच लोक. औषध घेणाऱ्यांत पक्षाघाताचे प्रमाण ३६ टक्क्यांनी कमी झाले. २००८च्या 'हायव्हेट' चाचणीत ऐंशी वर्षे व त्यापुढील ३,८४५ जण होते, आणि तिथे औषधाने मृत्यू २१ टक्क्यांनी, तर हृदय निकामी होण्याचे प्रमाण ६४ टक्क्यांनी घटले.

या टक्क्यांचा अर्थ मला आत्याच्या ताटाशी बसल्यावर कळतो. असाच सल्ला ऐकून तिने गोळी सोडली होती. पक्षाघातातून ती वाचली, पण उजव्या हाताने तिला पोळीचा तुकडा मोडता येत नाही. आम्ही पोळी दुधात कुस्करून देतो आणि ती डाव्या हातातल्या चमच्याने, मान खाली घालून खाते. गोळी घेतली असती तर हे नक्की टळले असते असे मी म्हणणार नाही, पण टळण्याची शक्यता वाढली असती.

चक्कर येऊन पडण्याच्या भीतीत मात्र तथ्य आहे, आणि ते नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरत असेल, तर तोल जाण्याचा धोका असतो. तरीही 'स्प्रिंट' चाचणीतील पंचाहत्तरीपुढच्या २,६३६ जणांमध्ये रक्तदाब कडक नियंत्रणात ठेवलेल्या गटात पडून इजा होण्याचे प्रमाण जास्त आढळले नाही. अर्थात उभ्याने ज्यांचा वरचा आकडा ११०च्या खाली होता त्यांना, तसेच शुश्रूषागृहात राहणाऱ्यांना, त्या चाचणीत घेतलेच नव्हते. त्यामुळे फार अशक्त झालेल्या व्यक्तीसाठी किती औषध द्यायचे, हे तिच्या डॉक्टरांनी तिला पाहूनच ठरवायला हवे.

म्हणून घरी रक्तदाब मोजताना आधी पाच मिनिटे शांत बसवून, मग उभे करून पुन्हा मोजावा, आणि दोन्ही आकडे वहीत लिहून डॉक्टरांना दाखवावेत. चक्कर येत असेल तर गोळी बदलता येते, तिची मात्रा कमी करता येते.