दुसऱ्यांदा तीच लेव्हल : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

मागच्या लेखात मी लिहिलं होतं, की जिम्नॅस्टिक्समध्ये मुलीला एखादी लेव्हल, म्हणजे शिकण्याच्या क्रमातली एक पायरी, दुसऱ्या वर्षी पुन्हा करावी लागली तर पालकांनी ती नापास झाली असं समजू नये. त्यावर तुमची सविस्तर आणि बरीच रागावलेली प्रतिक्रिया आली. तुमची नऊ वर्षांची मुलगी चौथ्या लेव्हलला आहे. तिच्याबरोबर सुरुवात केलेल्या दोघी पाचव्यात गेल्या आणि हिला मात्र कोचनी ‘अजून एक वर्ष इथेच’ म्हणून सांगितलं. तुमचं म्हणणं असं, की या खेळात हाताशी वर्षं फार थोडी असतात, रोमानियाच्या नादिया कोमानेचीने चौदाव्या वर्षी ऑलिंपिकमध्ये दहापैकी दहा गुण मिळवले, आणि माझ्यासारखे कोच ‘पाया पक्का करू’ म्हणत मुलींची उमेदीची वर्षं वाया घालवतात. शेवटी तुम्ही विचारलंय, “तुम्हाला स्वतःला असं थांबवलं असतं तर चाललं असतं का?”

या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देणार आहेच. पण आधी किपबद्दल बोलू, म्हणजे कमी-जास्त उंचीच्या दोन बार्सवर (अनइव्हन बार्स) झुलत बारच्या वर चढायच्या हालचालीबद्दल, कारण तुमच्या मुलीचं घोडं तिथेच अडलंय, हे तुमच्याच लिहिण्यातून दिसतं. “किप होते, पण हात वाकतात म्हणून गुण कापतात, एवढंच,” असं तुम्ही लिहिलंय. हे ‘एवढंच’ फार मोठं आहे.

किप करताना मुलगी खालचा बार धरून झुलत पुढे जाते. पाय गादीला न टेकता अगदी जमिनीलगत सरकतात. पुढच्या टोकाला अंग पूर्ण ताणलं गेलं, की घोटे झटकन बारपाशी आणायचे. झोका मागे परतताना बार घोट्यांपासून मांड्यांपर्यंत पायांना लागूनच सरकला पाहिजे, आपण पँट वर ओढतो तसा. त्याच वेळी सरळ हातांनी बार खाली दाबायचा, मनगटं वळवायची आणि खांदे बारच्या वर न्यायचे. हे सगळं दीड-दोन सेकंदांत होतं. बाहेरून बघताना वाटतं, मुलगी वर चढली, म्हणजे किप झाली. पण पाय उशिरा आले किंवा पोटात ताकद कमी पडली, की ती दंडाच्या जोरावर स्वतःला ओढून घेते. तिथे कोपर वाकतं.

मग पुढे काय होतं बघा. किप संपते तिथून लगेच कास्ट सुरू होतो, म्हणजे बारवर हात टेकून पाय मागून वर फेकायचे. कोपरं वाकलेली असतील तर खांदे बारच्या पुढे झुकत नाहीत आणि पाय उंच जात नाहीत. कास्ट हँडस्टँडपर्यंत, म्हणजे हातांवर उलटं सरळ उभं राहण्यापर्यंत, गेला नाही तर वरच्या बारवरचा जायंट, म्हणजे सरळ अंगाने पूर्ण गोल फिरणं, नीट येत नाही. बार्सवर तर किपशिवाय पान हलत नाही, कारण एका हालचालीतून पुढच्या हालचालीत जायला पुन्हा पुन्हा तीच लागते. आज चौथ्या लेव्हलला गुणांच्या दशांशात दिसणारी चूक सातव्या-आठव्या लेव्हलला भिंत बनून समोर उभी राहते. अकराव्या-बाराव्या वर्षी ती सवय मोडायला निघालेल्या मुलींबरोबर मी काम केलं आहे. अंगवळणी पडलेलं विसरायला नवीन शिकण्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो.

तुम्ही ज्या दहा लेव्हलच्या क्रमाबद्दल लिहिलंय तो मूळचा अमेरिकेतला. त्यात पाचवीपर्यंत सगळ्या मुलींना ठरवून दिलेलं तेच रुटीन करावं लागतं, फ्लोअरवरचं, म्हणजे जमिनीवरच्या प्रकाराचं, संगीतसुद्धा तेच. सहावीपासून पुढे रुटीन मुलीप्रमाणे बसवता येतं. पालकांना या पहिल्या पाच लेव्हल कंटाळवाण्या वाटतात, ते मी समजू शकते. पण सगळ्यांनी तेच करायचं असल्यामुळे तिथे लपायला जागा नसते. पुढे अवघड हालचाल टाळून दुसरी घेता येते, इथे मात्र वाकलेलं कोपर आणि सुटलेलं पाऊल दिसतंच.

आणि नादियाचं उदाहरण तुम्ही दिलंत म्हणून सांगते. १९७६ साली मॉन्ट्रियल ऑलिंपिकला तिला पहिल्यांदा दहापैकी दहा मिळाले ते अनइव्हन बार्सवर, आणि तेही सक्तीच्या रुटीनमध्ये. सगळ्या खेळाडूंना तेच रुटीन होतं. गुणफलकावर १०.०० दाखवायची सोय नव्हती म्हणून १.०० दिसले, ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते. ते दहा गुण सर्वांना सारख्याच असलेल्या हालचाली बिनचूक केल्याचे होते, हे फारसं कुणी सांगत नाही.

वयाबद्दल. १९९७ पासून आंतरराष्ट्रीय सीनियर स्पर्धेत उतरायला मुलीला त्या वर्षात सोळा पूर्ण व्हावी लागतात. म्हणजे चौदाव्या वर्षी ऑलिंपिक गाठण्याची घाई आता नियमानेच निरर्थक ठरवली आहे. अमेरिकेच्या सिमोन बाइल्सने २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकला सर्वांगीण (सगळ्या प्रकारांचं मिळून) सुवर्ण जिंकलं तेव्हा ती सत्तावीस वर्षांची होती. त्याच्या तीन वर्षं आधी टोकियोत हवेत गिरक्या घेताना दिशेचं भान सुटू लागलं म्हणून तिनेच बहुतेक स्पर्धांमधून माघार घेतली होती. उझबेकिस्तानची ओक्साना चुसोवितिना तर १९९२ पासून सलग आठ ऑलिंपिक खेळली, टोकियोला ती सेहेचाळीस वर्षांची होती. तुमची मुलगी नऊ वर्षांची आहे.

तिच्यापुढे अजून एक गोष्ट यायची आहे, तिची तयारी आत्ताच ठेवा. अकरा-बाराच्या सुमारास मुली झपाट्याने उंच होतात, वर्षाला सात-आठ सेंटिमीटरसुद्धा. हातपाय लांब होतात, गुरुत्वमध्य सरकतो, आणि काल सहज येणारी बॅक टक, म्हणजे हवेत मागे घेतलेली कोलांटी, आज गुडघ्यांवर येऊन पडते. मुलगी रडते, आईवडील घाबरतात, ‘मेहनत कमी पडतेय’ असं घरात कुणीतरी बोलून जातं. मेहनत कमी पडलेली नसते. तिला नवीन शरीर मिळालेलं असतं आणि त्याची ओळख व्हायला काही महिने लागतात. ज्या मुलीचा पाया नीट असतो ती यातून बाहेर पडते. जिला धावत वर चढवलेलं असतं ती बहुतेक वेळा इथेच खेळ सोडते.

आता तुमचा प्रश्न. मला कुणी थांबवलं नाही. दहाव्या वर्षी मला एकाच हंगामात दोन लेव्हल वर टाकलं, कारण संघात एक जागा रिकामी होती. मला केवढा आनंद झाला होता! त्या वर्षी बॅक हँडस्प्रिंगची, म्हणजे हातांवरून मागे उलटी घ्यायची, संख्या दुप्पट झाली. मनगटं दुखायला लागली तेव्हा कोचनी पट्टी बांधून पुढे चालू ठेवायला सांगितलं, आणि मी चालू ठेवलं, कारण नको म्हणायची भीती वाटायची. सकाळी दात घासताना ब्रश डाव्या हातात धरायचे, उजवं मनगट वळायचंच नाही. एक्स-रे काढला तेव्हा डॉक्टरांनी हाडाच्या टोकाशी असलेल्या वाढीच्या कूर्चेला इजा झाल्याचं दाखवलं. लहान मुलींच्या मनगटाचा हाच भाग सगळ्यात नाजूक असतो आणि आपल्या खेळात सगळा भार त्यावरच येतो. मनगट बरं झालं. पण परत आल्यावर बीमवर मागे जायची हिंमत माझ्यात उरली नव्हती. दहा सेंटिमीटर रुंदीच्या त्या पट्टीवर उभी राहून हात वर करायचे आणि तशीच उभी राहायचे.

आज मी मुलींना बीमवर मागे जायची ती हालचाल शिकवते तेव्हा आधी जमिनीवरच्या रेषेवर, मग बुटक्या बीमवर, मग उंच बीमखाली गाद्यांची थप्पी रचून. एक गादी काढायची ती मुलीने स्वतः ‘काढा’ म्हटल्यावरच. गेल्या वर्षी एका मुलीला शेवटची गादी काढायला साडेतीन महिने लागले. त्या दिवशी ती स्वतःच गादी ओढत कोपऱ्यात घेऊन गेली. म्हणून तुम्हाला उत्तर देते : हो, मला थांबवलेलं चाललं असतं. मी चिडले असते, पण चाललं असतं.

तुमची एक गोष्ट मात्र मला पूर्ण मान्य आहे आणि ती लेखात यायला हवी होती. काही कोच पुढे जायला तयार असलेल्या मुलींना मुद्दाम खालच्या लेव्हलला ठेवतात, पदकं मिळावीत म्हणून. हे घडतं, आणि हा त्या मुलीवर अन्याय आहे. फरक ओळखायचा तर गुणपत्रिका बाजूला ठेवा आणि सराव बघा. थांबवलेल्या मुलीला रोजच्या सरावात पुढच्या लेव्हलच्या हालचाली शिकवत असतील, तर कोचचं लक्ष तिच्या वाढीवर आहे. वर्षभर तेच रुटीन घासून घेत असतील आणि ती प्रत्येक स्पर्धेत पहिली येत असेल, तर जाऊन विचारा, नेमकं काय कमी आहे आणि ते कसं भरून काढणार. ज्या कोचला याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही, त्याच्याबद्दल तुमचा राग रास्त आहे.

तुमच्या मुलीच्या कोचनी तुम्हाला कोपरांचं कारण दिलं होतं. पुढच्या वेळी सरावाला गेलात की बाजूने उभं राहून पाहा : किपमध्ये घोटे बारपर्यंत येतात तेव्हा झोका पुढे असतो की मागे परतायला लागलेला असतो. मागे परतल्यावर येत असतील, तर पोटाचे व्यायाम वाढवावे लागतील, आणि ते घरी गादीवरही होतात. काय दिसलं ते मला इथेच कळवा, कुठले व्यायाम ते मी लिहून देते.